मोंगलाईंतून आलेलीं माणसें

नागपुराहून दक्षिणेकडे निघालेली सडक वर्धा जिल्ह्यांतील जाम या गांवीं दुभंगते. तिचा एक फांटा हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा करीत पैनगंगा ओलांडून आदिलाबादेस व तेथून हैदराबादेस जातो. दुसरा वरोऱ्यावरून चांद्याकडे वळतो. या मार्गावर हल्लीं मालमोटारींची रांग तुटत नाहीं, आणि जामच्या चौरस्त्यावर घटकाभर चहाला थांबलेल्या प्रवाशास आपण एका सरहद्दीच्या वाटेवर उभे आहों असें वाटण्याचें कांहींच कारण उरलेलें नाहीं. परंतु १९४८ सालीं ती सरहद्द होती. पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या पलीकडचा मुलूख निजामाचा. वऱ्हाडी माणसाच्या तोंडीं त्याचें नांव 'मोंगलाई'. त्या मुलखांत १९४७ च्या उत्तरार्धापासून जें घडलें त्याला स्वातंत्र्यसंग्राम म्हणावें, यादवी म्हणावें, कीं दोन्ही म्हणावें, हा वाद इतिहासकारांनीं खुशाल करावा. हजारों कुटुंबें घरेंदारें टाकून नदीच्या अलीकडे आलीं, ही गोष्ट मात्र वादातीत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ती गोष्ट नव्हे. मराठी वाङ्मयांत तिचें काय झालें, हा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'निर्वासित' हा शब्द मराठी घरांत पोंचला तो मुख्यत्वें कल्याणच्या लष्करी छावणींत उतरलेल्या सिंधी बांधवांबरोबर. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें तरी आसपासच्या लोकांच्या बोलण्यांत ती 'कँप'च राहिली, आणि निर्वासित म्हणजे परभाषिक, आगगाडीनें आलेला, व्यापारांत हुशार माणूस अशी एक मूर्ति आमच्या मनांत घट्ट बसली. मराठी माणूसच मराठी मुलखांत निर्वासित होऊन येतो, तोही पायीं, ही गोष्ट त्या मूर्तींत मावेना. वास्तविक आपल्या भाषेंत याला फार नेमका शब्द होता. पेशवाईंतील कागदपत्रें चाळणाऱ्यास धामधुमीमुळें रयत 'परागंदा' झाल्याचे उल्लेख जागोजाग भेटतात. त्या शब्दाच्या मागोमाग बहुधा 'कौल' येतो. पळालेल्या रयतेनें परत येऊन जमीन लागवडीस आणावी म्हणून सरकारनें अभय द्यावें, कांहीं वर्षें साऱ्यांत सूट द्यावी, आणि पाटलानें तो कागद घेऊन आपलीं माणसें हुडकून आणावीं, असा तो व्यवहार. पळणें आणि परतणें हीं त्या भाषेंत एकाच गोष्टीचीं दोन टोकें होतीं, आणि मधल्या अवस्थेलाही एक नांव होतें. आमच्या नव्या लेखकांनीं 'परागंदा' हा शब्द अडगळींत टाकला. त्याबरोबर ती मधली अवस्थाही त्यांच्या नजरेआड झाली, असें आम्हांस वाटतें.

ज्या वाचकांनीं तो काळ वडील माणसांच्या तोंडूनही ऐकलेला नाहीं त्यांच्याकरितां चार ओळी लिहिणें अवश्य आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं निजाम व हिंदुस्थान सरकार यांच्यांत 'जैसे थे' करार झाला आणि कागदावरच राहिला. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार संघटनेचा अंमल खेड्यापाड्यांवर बसूं लागला. तेलंगणांत कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव चालू होता. स्टेट काँग्रेसनें सरहद्दीबाहेर उमरखेड, चांदा, बार्शी, सोलापूर इत्यादि ठिकाणीं छावण्या उभारल्या. छावण्यांतून आंत जाऊन ठाण्यांवर व नाक्यांवर हल्ले होत. ३० जानेवारी १९४८ रोजीं, म्हणजे दिल्लींत गांधीजींचा वध झाला त्याच दिवशीं, उमरीची बँक लुटली गेली ती या लढ्याच्या खर्चाकरितां. रझाकार गांवांवर सूड उगवीत, आणि गांवें नदीकडे धांव घेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें. १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली.

आतां या काळाविषयीं मराठी वाचकाच्या हातीं काय आहे तें पाहूं. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणींचा इंग्रजी ग्रंथ १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें मोल मोठें आहे, परंतु १९४८ च्या जानेवारीपासून पोलिस कारवाई होईपर्यंत स्वामीजी निजामाच्या तुरुंगांत होते. ज्या महिन्यांत माणसें नदी उतरत होतीं त्याच महिन्यांत संग्रामाचा पुढारी भिंतीआड होता. तेव्हां नदीकांठचें दृश्य त्यांच्या लेखणींतून प्रत्यक्षदर्शीच्या नात्यानें यावें अशी अपेक्षाच करतां येत नाहीं. 'मराठवाडा' पत्राचे संपादक अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा या विषयावरील मराठींतील सर्वांत भरीव ग्रंथ होय, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. ते स्वतः त्या लढ्यांतले, आणि लेखणी वर्तमानपत्रांत घासून धारदार झालेली. परंतु त्यांचा विषय संग्राम आहे, आणि संग्रामाच्या इतिहासांत पळून आलेला मनुष्य एका वाक्याचा धनी असतो: अमुक गांव जळालें, तमुक गांवचे लोक छावणीच्या आश्रयास आले. पुढच्या वाक्यांत छावणीचा प्रमुख बोलूं लागतो. नरहर कुरुंदकर त्या धामधुमींत सोळा वर्षांचे होते. हैदराबादवरील त्यांचे लेख वाचतांना निजामी राजनीतीचा एकेक पदर जसा उलगडतो तसा दुसऱ्या कोणाच्या लेखनांत क्वचितच उलगडतो. पण त्यांच्या बुद्धीची धांव नेहमीं प्रश्नाच्या गाभ्याकडे असते, आणि गाभ्यापाशीं गाठोडें घेऊन बसलेली बाई नसते. सेतुमाधवराव पगडी हे तर निजामाच्याच मुलकी नोकरींतले. त्यांचें 'जीवनसेतु' हें आत्मचरित्र बहुश्रुत अधिकाऱ्याचें आहे. अधिकाऱ्याच्या कचेरींत फिर्याद येते, फिर्यादी घरीं काय शिजवून आला तें येत नाहीं.

या ग्रंथकारांना आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं जें लिहावयास घेतलें तें उत्तम लिहिलें. दोष आहे तो ललित लेखकांचा, कीं इतिहासकारांनीं एका वाक्यांत टाकलेलें कथानक उचलून घेण्यास त्यांच्यापैकीं फार थोडे पुढें आले. आणि जे आले त्यांनाही छावणीचें आकर्षण सुटलें नाहीं. बंदुका, रात्रीचे छापे, फितूर, हुतात्मे; या साहित्यावर कादंबरी उभी करणें सोपें असतें. खरें कथानक छावणीपासून कोसभर दूर कोणाच्या तरी गोठ्यांत पडलेलें आहे. जूनमध्यें पाऊस पडला तेव्हां पलीकडे टाकून आलेल्या जमिनींत पेरणी कोणी केली? मागें राहिलेल्या म्हशीची धार कोण काढत होतें? दागिने पुरले कीं शेजारच्या मुसलमान म्हातारीपाशीं ठेवले, आणि परतल्यावर ते मिळाले काय? ज्या सोयऱ्यानें पहिल्या आठवड्यांत पुरणाची पोळी केली त्यानें चौथ्या महिन्यांत धान्याच्या कणगीस कुलूप लावलें कीं नाहीं? हे प्रश्न क्षुद्र वाटतात. निर्वासिताचा अनुभव याच प्रश्नांचा बनलेला असतो.

यांत आणखी एक भेद आहे, तो तर कोणाच्या ध्यानींही आलेला दिसत नाहीं. ज्याचा सोयरा नदीच्या अलीकडे आहे तो पाहुणा होतो. ज्याचा नाहीं तो निर्वासित होतो. देशमुख, देशपांडे, सावकार यांचीं लग्नें चारही दिशांना झालेलीं असत. महार-मांगांचें, भूमिहीनांचें तसें नव्हतें. डॉ. आंबेडकरांनीं १९४७ च्या नोव्हेंबरांत निवेदन काढून संस्थानांतील अस्पृश्य समाजानें निजामाची बाजू घेऊं नये असें बजावलें, तें उगाच नव्हे. दोन्ही बाजूंनीं ओढला जाणारा आणि कोणत्याही बाजूला ओसरी नसलेला तो मनुष्य. त्याचें पळणें इतरांच्या पळण्याहून निराळें असलें पाहिजे, आणि तें कादंबरीकारानें शोधून काढण्याजोगें आहे.

मराठी लेखकाला हें साधतच नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. वऱ्हाडांतच, अमरावतीस, जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनीं १९३९ सालीं 'रणांगण' लिहिली. जर्मनींतून हांकललेले ज्यू बोटीनें शांघायला निघाले आहेत. त्याच बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण विलायतेहून मुंबईस परततो आहे. त्याचें व हॅर्टाचें प्रेम जमतें. मुंबई येते, तो उतरतो, ती पुढें जाते, आणि पुढच्या समुद्रांत जीव देते. या कादंबरीची थोरवी तिच्या प्रेमकथेंत आहे असें पुष्कळ टीकाकार मानतात. आमच्या मतें ती त्या उतरण्यांत आहे. चक्रधर दुष्ट नाहीं, भेकडही म्हणतां येत नाहीं. त्याला फक्त घर आहे, आणि तिला नाहीं. ज्याला घर आहे त्याचें प्रेम बंदर आलें कीं कसें लटकें पडतें, हें बेडेकरांनीं निष्ठुरपणें दाखविलें. आसरा देऊं शकणाऱ्या माणसाच्या मनांत उतरून त्याची झडती घेणारी दुसरी मराठी कादंबरी आम्हांस चटकन् आठवत नाहीं. तींत उणें नाहीं असें नाहीं: हॅर्टा कित्येकदां निर्वासित कमी आणि नायिका अधिक वाटते. परंतु मोंगलाईंतील परागंदांवर लिहूं इच्छिणाऱ्यानें प्रथम ही कादंबरी पुन्हां वाचावी. त्याला बोटीच्या जागीं हिंगणघाटचें एखादें सरकी-रुईचें गोदाम कल्पावें लागेल इतकेंच.

व्यंकटेश माडगूळकरांचींही दोन पुस्तकें येथें साक्षीस घेतां येतील. 'बनगरवाडी'च्या अखेरीस दुष्काळानें वाडी उठते. गांव रिकामें होणें म्हणजे काय हें इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी दाखविलें असेल. 'वावटळ' (१९६४) हिचा विषय तर आमच्या विषयास अगदींच लागून आहे: तेंच १९४८ साल, गांधीवधानंतर दक्षिण महाराष्ट्रांत झालेली ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ. ज्यांचीं घरें जळलीं त्यांच्याविषयीं लिहितांना माडगूळकर आक्रोश करीत नाहींत, आरोपपत्रही वाचीत नाहींत. जाळणारे ओळखीचे आहेत, हीच त्यांतली भयंकर गोष्ट, आणि ती ते तशीच राहूं देतात. मोंगलाईच्या वाङ्मयांत ही ओळख फार लवकर नाहींशी होते. रझाकार हा बहुधा चेहरा नसलेला, दाढीवाला, तलवार घेतलेला असा कोणीतरी येतो. तो त्याच गांवचा, त्याच पाराखालीं लहानाचा मोठा झालेला असूं शकतो, ही शक्यता लेखक मनांत आणीत नाहींत.

आणि म्हणूनच आमच्या वाङ्मयास दुसरें पलायन दिसलें नाहीं. फाळणीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडांतलीं कित्येक भयभीत मुसलमान कुटुंबें आसऱ्याकरितां निजामाच्या राज्यांत गेलीं. उत्तरेकडे येणारीं आणि दक्षिणेकडे जाणारीं अशीं दोन्ही दुःखें त्या एका वर्षांत एकमेकांच्या बाजूनें चाललीं होतीं. दक्षिणेकडे गेलेल्यांस उर्दूंत 'पनाहगुजीन' म्हणत; हाही शब्द 'शरणार्थी'चाच सख्खा भाऊ. पुढें पोलिस कारवाई झाली आणि पारडें उलटलें. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पंतप्रधान नेहरूंनीं संस्थानांत पाठविलें. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत ते फिरले. कारवाईच्या वेळीं व तिच्यानंतर २७ ते ४० हजार माणसें मारलीं गेलीं असावींत असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वांत अधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत त्यांनीं उस्मानाबाद व नांदेड हे मराठी जिल्हे घातले होते. गांवोगांवचीं मुसलमान कुटुंबें हैदराबाद शहराकडे पळालीं. तो अहवाल सरकारदप्तरीं पडून राहिला; लोकांना तो मोकळेपणानें वाचावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास. दप्तर बंद होतें, हें सरकारचें उत्तर झालें. गांव बंद नव्हतें. त्या खेड्यांतील प्रत्येक म्हाताऱ्यास ठाऊक होतें कीं मशिदीजवळचीं चार घरें कां ओस आहेत. लेखक त्याच खेड्यांतून शिकून शहरांत आले, आणि त्यांनीं त्या घरांविषयीं मौन धरलें. तेलुगूंत दाशरथी रंगाचार्यांनीं 'चिल्लर देवुळ्ळु'मध्यें निजामी अमलांतलें तेलंगणचें खेडें उभें केलें; उर्दूंत जीलानी बानो यांच्या 'ऐवान-ए-गजल'मध्यें हैदराबादी वाड्यांची पडझड आली. एकाच संस्थानांत नांदलेल्या तीन भाषांपैकीं मराठीचेंच खातें एवढें रितें कां रहावें? दोन दुःखें तराजूंत घालून बघावीं, असें आम्ही सुचवीत नाहीं. एका दुःखाचें वर्णन छावणीच्या जमाखर्चांत मांडण्याची संवय लागली म्हणजे दुसरें दुःख त्या वहींत कोठेंच लिहितां येत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

वर्धेकडील वाचकांस हें अधिकच लागावयास हवें. गांधीजी १९४६ च्या ऑगस्टांत सेवाग्राम सोडून गेले, नोआखालींत दंग्यानें उध्वस्त झालेल्या गांवांतून अनवाणी फिरले, आणि आश्रमांत परतले नाहींत. पवनारचे विनोबा १९४८ सालीं निर्वासितांच्या कामासाठीं दिल्ली व मेवात येथें गेले. म्हणजे या जिल्ह्यानें निर्वासितांची सेवा करणारीं माणसें बंगाल-पंजाबच्या वाटेवर पाठविलीं, आणि त्यांच्याविषयीं ग्रंथही झाले. घरापासून दोन दिवसांच्या पायवाटेवर असलेल्या पैनगंगेची मात्र आठवण कोणाच्या ग्रंथांत ठळक अशी उतरली नाहीं.

जामहून फुटणारा दुसरा रस्ता चांद्यास जातो. चांद्याच्या छावणींत त्या वर्षीं काम करणाऱ्या तरुणांत पी. व्ही. नरसिंह राव हे होते. 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल १९३८ सालीं उस्मानिया विद्यापीठानें काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानें आसरा दिला, त्यांतलेच हे एक. या गृहस्थांना मराठी उत्तम येत असे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' त्यांनीं तेलुगूंत नेली. पुढें १९९८ सालीं त्यांनीं 'द इनसायडर' ही इंग्रजी कादंबरी लिहिली, आणि हैदराबादला 'अफ्रोजाबाद' असें कल्पित नांव दिलें. निजामी अमल त्यांत आहे. परंतु पुस्तकाचा मोठा भाग मंत्रिमंडळें, गट आणि खुर्च्या यांनीं व्यापला आहे. यमूचें मूक दुःख ज्यानें एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत इतक्या आस्थेनें नेलें, त्यानें चांद्याच्या छावणीबाहेर बसलेल्या एखाद्या यमूकडे पुन्हां वळून पहावयास हवें होतें, अशी रुखरुख ती कादंबरी मिटतांना लागून राहते.

त्याच रस्त्यानें चांद्याच्याही पुढें गेलें तर चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत, बंगाली गांवें लागतात. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासितांना तेथें सरकारनें जमिनी देऊन वसविलें. १९७१ च्या यादवींत सुमारें एक कोटि माणसें सरहद्द ओलांडून भारतांत आलीं तेव्हां पोस्टाच्या प्रत्येक पत्रावर पांच पैशांचें निर्वासित-साहाय्याचें जादा तिकीट लावावें लागे; मराठी घरांतल्या पुष्कळांची निर्वासितांशीं ओळख तेवढीच. परंतु चामोर्शीचीं तीं माणसें तिकिटावरचीं नव्हत. पिढ्यानपिढ्या ओल्या मातींत भात लावणाऱ्यांनीं वैनगंगेच्या खोऱ्यांतल्या जंगलाच्या कडेस नवीं गांवें केलीं. त्यांचीं नातवंडें मराठी शाळांतून शिकलीं. त्यांच्यापैकीं कोणी मराठींत लिहूं लागेल तेव्हां आमच्या वाङ्मयास परागंदांची गोष्ट परागंदाच्याच तोंडून मिळेल, आणि ती बहुधा आमच्या पाहुणचाराविषयीं आम्हांस आवडेल असें कांहीं सांगणार नाहीं.

मोंगलाईंतून आलेल्यांच्या बाबतींत मात्र इतकी वाट पाहतां येत नाहीं. १९४८ सालीं जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं तीं पंच्याऐंशी ओलांडून गेलीं आहेत. त्यांच्या आठवणींवर आधींच एक कलम झालेलें आहे. सरहद्दीवरील छावण्यांत राहिलेल्यांस पुढें स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळूं लागलें. तें योग्यच झालें, पण त्याचा एक परिणाम असा, कीं अर्ज, दाखले आणि साक्षी यांच्या ओघांत जो तो आपली गोष्ट छावणीपासून सांगूं लागला. केवळ भिऊन पळालों, आईच्या पदराला धरून नदी उतरलों, सहा महिने दुसऱ्याच्या दारीं भाकर खाल्ली, हें सांगण्यास कोणता रकाना होता? राजुऱ्याची बाजू, किनवटची बाजू, उमरखेडच्या खालची पैनगंगा, इकडे पांढरकवडा व हिंगणघाट: एवढ्या टापूंत कोणीतरी एक वही घेऊन फिरावें, मराठी घरांत, गोंडांच्या पाड्यावर आणि मोहल्ल्यांतही, आणि त्या वहींत 'आपण कोणत्या छावणींत होतां' या प्रश्नाच्या आधीं 'आपण कोणाच्या ओसरीवर उतरलां' हा प्रश्न लिहिलेला असावा.